सुनेचा डगला

सून घरातून गेली आणि तांबडीनं दूध चोरायला सुरुवात केली. म्हातारीनं कासेला हात लावला की ती मागचा पाय झाडायची. म्हातारी पाठ थोपटायची, गळ्याखाली खाजवायची, पुढ्यात पेंड टाकायची. तांबडी एकदा मान वळवून बघायची आणि पुन्हा चघळायला लागायची. त्या बघण्यात राग नव्हता, आणि ओळखही नव्हती. बादलीचा तळ जेमतेम झाकला जायचा आणि कास होती तशीच टम्म राहायची.

गोठ्यात गाई तीन. दोन आटलेल्या आणि तिसरी ही तांबडी. उन्हाळा असा पडला होता की विहिरीतून वर येणाऱ्या बादलीत पाण्यापेक्षा गाळच जास्त असायचा, आणि हिरवा चारा औषधालाही मिळत नव्हता. अशा दिवसांत घर चाललं होतं ते तांबडीच्या जिवावर, आणि तांबडी चालत होती सुनेच्या हातावर. ती वासरू असताना तिची आई मेली, तेव्हा सून नुकतीच नांदायला आली होती. दुधात बोटं बुडवून तिनं त्या वासराला चोखायला शिकवलं होतं. पुढं तांबडीला स्वतःचं वासरू मेलेलं झालं, तेव्हाही ती सुनेच्याच हाताला पान्हावली. धारेला बसण्याआधी सून जिभेनं टाळूवर दोनतीनदा टक्‌टक् करायची. त्या आवाजाला तांबडी पाय पसरून उभी राहायची.

म्हातारीला हे कौतुक कधी रुचलं नव्हतं. तिचा सगळा जन्म धारा काढण्यात गेला होता आणि आता एका गाईनं तिला परकी ठरवावं, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. "माजलीय," असं ती चारचौघांत म्हणायची. गाय की सून, ते ऐकणाऱ्यानं ठरवावं.

सून गेली त्याला निमित्त झालं दुधाचंच. एका संध्याकाळी डेअरीची गाडी चुकली. म्हातारीचा मुलगा तणतणत गोठ्यात शिरला, आणि थोड्या वेळानं सून बाहेर आली तेव्हा तिचं मनगट भलत्याच बाजूला वळलेलं होतं. तो हात तिनं दुसऱ्या हातात धरला, पायानंच चपला सरळ केल्या, घातल्या आणि फाटकातून निघून गेली. ती रडली नाही. म्हातारीला वाटलं, दवाखान्यात पट्टी बांधून येईल आणि रात्रीच्या भांड्यांना बसेल. पण दवाखान्यातून ती शहरातल्या निवारा घरात गेली, आणि काही दिवसांनी तिच्याऐवजी एक सरकारी बाई दारात उभी राहिली.

बाई स्कूटरवरून आली होती. तिनं हेल्मेट काढलं, कपाळावरचा घाम पुसला, पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा केला. म्हातारीला जरा हायसं वाटलं. कुणीतरी वरच्या पट्टीत बोलणारी येईल अशी तिची समजूत होती. बाईनं आपलं काम काय ते सांगितलं. घरात मार खाणाऱ्या बायकांना डॉक्टर, वकील आणि राहायला जागा मिळवून द्यायची, आणि घरात काय घडलं ते नीट विचारून कोर्टाला कळवायचं. त्यासाठी मार खाणाऱ्या बाईला एक छदामही खर्च येत नाही, हेही तिनं सांगितलं. मुलगा उंबऱ्यावर हाताची घडी घालून ऐकत होता. काय बोलायचं आणि काय नाही, ते त्यानं आईला सकाळीच पढवून ठेवलं होतं.

"आजी, त्या संध्याकाळी काय झालं?" बाईनं विचारलं.

"गोठ्यात पाय घसरला तिचा."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी तिथंच होते. दूध गाळत होते."

बाईनं गोठा बघायला मागितला. गोठ्याची फरशी म्हातारीच्या नवऱ्यानं केलेली. एकदा गाभण गाय घसरून तंगडी मोडून बसली होती, तेव्हा त्यानं छिन्नी-हातोडा घेतला आणि सबंध हिवाळा एकेका दगडावर आडव्या-उभ्या टाक्या घातल्या, पाय धरून ठेवणाऱ्या खाचा. त्यानंतर त्या गोठ्यात एकही जनावर घसरलं नाही. गाईंची इतकी काळजी वाहणारा तो माणूस बायकोच्या अंगावर हात टाकताना मात्र फारसा विचार करत नसे. पण तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती आणि म्हातारी ते विसरून गेली होती, निदान तसं ती धरून चालली होती.

बाईनं फरशीवर पाणी ओतून बघितलं. मग त्यावर चप्पल दाबून घासली. चप्पल जागची हलली नाही. तिनं चप्पल पायात घातली आणि एकदा म्हातारीकडे बघितलं.

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, घर आईच्या नावावर आहे, गाई आईच्या, बायकोचा इथं एक खिळासुद्धा नाही. गेली ती गेली. बाई शांतपणे म्हणाली, "घर कुणाच्याही नावावर असू द्या. त्या इथं नांदल्या, म्हणजे इथं राहायचा त्यांना हक्क आहे. त्यांना इथंच यायचंय. कोर्टाला पटलं तर ते तुम्हाला बाहेर राहायला सांगेल." मुलगा हसला. म्हातारी मात्र त्याच्याकडेच बघत राहिली. एकुलता एक मुलगा. त्याला घराबाहेर काढणार आणि ते कशावरून ठरणार, तर ती काय बोलते त्यावरून.

फाटकाशी बाई थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, तुम्हाला कधी काही लागलं-खुपलं तर दवाखान्यातल्या नर्सला सांगा, ती मला कळवेल. म्हातारी फणकारली. "मला काय होतंय," ती म्हणाली, "माझ्या पोटचा आहे तो."

बाई गेली, पण गोठ्यातला प्रश्न होता तिथंच होता. दूध तटून तांबडीची कास एका बाजूला दगडासारखी घट्ट झाली आणि तिनं चारा सोडला. मुलगा म्हणाला, विकून टाकू. अशा उन्हाळ्यात आजारी गाय कोण घेतं आणि कशासाठी घेतं, हे म्हातारीला पुरतं ठाऊक होतं.

तेव्हा शेजारची लोहारीण मदतीला आली. लोहारीण म्हणजे तोंडानं फाटकी आणि मनानं मोकळी. भात्यापाशी बसून आवाज चढवायची सवय झाल्यामुळं ती कानाशी बोलली तरी अर्ध्या वस्तीला ऐकू जायचं. ती म्हणाली, गाईला माणूस कळतं ते वासानं. सुनेचा गोठ्यातला डगला असेल ना, तो अंगात घाल, तिचा फडका डोक्याला बांध आणि बस धारेला. आणि धुऊ नकोस हो आधी, तुला भारी स्वच्छतेची हौस.

"ह्या वयात सुनेचे कपडे घालू?" म्हातारी म्हणाली.

"गाईला काय कळतंय तुझं वय."

डगला गोठ्यातच खुंटीला होता. जाड निळ्या कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा, कोपरांवर ठिगळं लावलेला. म्हातारीनं तो अंगावर चढवला तेव्हा तिला पहिल्यांदा त्याचं वजन कळलं. तिनं आत हात घालून चाचपलं. पाठीवर आणि दोन्ही खांद्यांवर आतून गोणपाट शिवलेलं होतं, दुहेरी, बारीक टाके घालून. तिच्या मनात आलं, थंडीसाठी असेल. मग लक्षात आलं की पुढच्या बाजूला, छातीवर, गोणपाट नाहीच. थंडी काय फक्त पाठीला वाजते? तिला उमजलं आणि ती तशीच उभी राहिली. रोज नजरेसमोर लटकणारा हा डगला. उन्हाळ्यातसुद्धा धारेच्या वेळी सून तो अंगातून काढायची नाही, आणि आपण तिला आळशी म्हणायचो, धुवायला नको म्हणून घालते म्हणायचो, हे तिला आठवलं. तिला लाज वाटली. पण गाय वाट बघत होती, म्हणून तिनं फडका बांधला, खाली बसली आणि जीभ टाळूला लावून टक्‌टक् केलं.

तांबडीनं कान टवकारले. मान वळवून तिनं डगल्याची बाही हुंगली, एकदा, दोनदा. मग पाय पसरले. पहिली धार बादलीच्या तळावर वाजली तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात आनंद किती आणि दुसरं काय किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर ती रोज दोन्ही वेळा सुनेच्या डगल्यात बसायला लागली. आखडलेल्या बोटांनी धार बारीक यायची, पण यायची. कासेचा घट्टपणा उतरला. मुलगा सकाळी दूध डेअरीला घालायला जायचा आणि दिवस मावळता परत यायचा. धारेच्या वेळी तो गोठ्याकडे कधी फिरकत नसे. आईनं गाईला कसं वळवलं, ते त्यानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सुनेच्या कपड्यांची आपल्याला गरज पडली, हे सांगायला तिची जीभ रेटली नसती.

मग एक दिवस मुलाच्या हातात कोर्टाचं बोलावणं पडलं. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचं होतं. तो दिवसभर बाहेर राहिला. घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती आणि गोठ्यात अंधारायला लागलं होतं. म्हातारी दाराकडे पाठ करून धारेला बसलेली होती, अंगात निळा डगला, डोक्याला फडका. तांबडी निवांत उभी होती आणि दुधाच्या धारा एका लयीत बादलीत पडत होत्या. तशी लय त्या गोठ्यात एकाच हाताची होती. म्हातारीला ती कशीबशी जमायला लागली होती, आणि मनातल्या मनात ती त्यावर खूश होती.

मागं पावलं वाजलेली तिला ऐकू आली. "आलीस का?" मुलाचा आवाज म्हणाला. "कोर्टात खेचतेस, आणि परत माझ्याच गोठ्यात येऊन बसतेस?"

तिनं वळायच्या आत दाराचा अडसर पाठीवर बसला. गोणपाटानं तो बराचसा झेलला. ती वाकली, हात वर केला, आणि दुसरा फटका मानेजवळ, गळ्याच्या हाडावर उतरला, जिथं गोणपाट पोचत नव्हतं. काहीतरी कडकन मोडलं. तांबडी उधळली, बादली आडवी झाली आणि दूध फरशीच्या टाक्यांमधून दाराकडे वाहत गेलं. फडका सुटून म्हातारीचे पांढरे केस मोकळे झाले.

मुलगा अडसर धरून तसाच उभा राहिला.

"आई?" तो म्हणाला. मग अडसर खाली ठेवून म्हणाला, "मला वाटलं, ती आहे."

त्यानं तिला उचललं, भिंतीला टेकवून बसवलं, पाणी आणलं. तो घाबरला होता, आणि पुन:पुन्हा तो तेच सांगत होता की त्याला वाटलं, ती आहे. ती असती तर काही बिघडलं नसतं, असं त्याच्या सांगण्यात होतं. म्हातारीनं ते ऐकून घेतलं. हाडातून कळा येत होत्या, तरी त्याचा शब्दन्‌शब्द तिच्या कानात स्वच्छ शिरत होता. मग तो म्हणाला, "पण तू तिचे कपडे कशाला घातलेस?" आणि मग मात्र म्हातारीनं त्याच्याकडे बघायचं बंद केलं.

दवाखान्यात नर्सनं काय झालं म्हणून विचारलं, तर मुलानं आईच्या आधीच उत्तर दिलं. "गोठ्यात पाय घसरला."

म्हातारीनं डोळे मिटले. वाक्य तिच्याच घरचं होतं. नर्सनं मुलाला बाहेर बसायला सांगितलं, तपासताना नातेवाईक आत चालत नाहीत असा नियम आहे म्हणाली. तो कुरकुरला, पण गेला. दार लागल्यावर नर्सनं म्हातारीचा डगला खांद्यावरून हलकेच सोडवला, आणि आतलं गोणपाट बोटांनी चाचपून बघितलं.

"आजी, खरंच घसरलात?"

म्हातारी छताकडे बघत राहिली. बाहेर बाकावर तिचा मुलगा होता. म्हातारपणी तोंडात पाणी घालणारा तोच, आजारपणात उचलून आणणारा तोच. आतासुद्धा त्यानंच आणलं होतं. 'हो' म्हटलं की सगळं होतं तसं राहणार होतं. तसं म्हणजे कसं, ते तिनं नुकतंच पाठीवर घेतलं होतं.

"आमच्या गोठ्याच्या फरशीला टाक्या घातलेल्या आहेत," ती म्हणाली. "तिथं गाय घसरत नाही. माणूस काय घसरणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी बाई दवाखान्यात आली. मागच्या वेळी काय ऐकलं होतं, ते तिनं बोलून दाखवलं नाही. म्हातारीला वाटलं होतं, आता ही टोमणा मारेल. तो न आल्यामुळं तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. तिनं एकच विचारलं, हा कायदा बायकोपुरताच असतो का. बाई म्हणाली, घरात राहणाऱ्या कुठल्याही बाईसाठी असतो, आईसाठीसुद्धा. त्यानं घरात येऊ नये, जवळपास फिरकू नये, असा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. तुमच्यासाठी सरकार वकील देईल. पोलिसांत तक्रार करायची की नाही, ते तुम्ही ठरवायचं. आज ठरलं नाही तर उद्या ठरवा, आणि नको असेल तर नको म्हणा, मी जबरदस्ती करणार नाही.

"त्याला कैदेत नका टाकू," म्हातारी म्हणाली. "पण त्या घरात तो नको. आणि माझं नंतर लिहा. आधी तिचं लिहा. मागच्या वेळी खोटं सांगितलं मी."

मग तिनं त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. मुलानं कुठला हात पिरगाळला, सुनेला फरशीवर कसं दाबलं, ती काय म्हणाली. बाईनं विचारलं, तुम्ही त्या वेळी काय करत होतात. म्हातारीनं चादरीची कड मुठीत धरली.

"बादली उचलली," ती म्हणाली. "दोघांच्या पायाशी होती. दूध सांडू नये म्हणून उचलून बाजूला ठेवली."

कोर्टात म्हातारीला फार वेळ लागला नाही. हात गळ्यात बांधलेला, अंगावर लोहारणीनं इस्त्री करून दिलेले कपडे. वकिलानं विचारलं तेवढं तिनं सांगितलं, बादलीसकट. मुलाकडे तिनं एकदाच बघितलं. तो मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होता, लहानपणी शाळेत मार बसला की करायचा तसाच. तरी तिनं बोलणं थांबवलं नाही. सून पलीकडच्या बाकावर होती, हाताला अजून प्लास्टर होतं, आणि सबंध वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. खटल्याचं पुढं व्हायचं ते होईल, पण तोवर मुलानं घरात पाऊल ठेवायचं नाही, दोघींच्या वाटेला जायचं नाही, आणि सुनेला घरात राहू द्यायचं, असा हुकूम झाला. मुलगा डेअरीमागच्या खोलीत राहायला गेला. एक शिपाई सोबत घेऊन येऊन त्यानं आपले कपडे आणि गादी नेली. जाताना तो आईशी बोलला नाही, आणि त्या रात्री म्हातारीनं ताट तसंच झाकून ठेवलं.

तोवर तांबडीच्या धारेला लोहारीण बसत होती, अर्थातच त्याच डगल्यात. तिच्या अंगाला तो आखूड आणि घट्ट व्हायचा, आणि ती गाईशी इतक्या मोठ्यानं बोलायची की तांबडी दूध द्यायची ते बहुधा सुटका व्हावी म्हणून. निम्मं दूध आटलं होतं, पण गाय जगली होती.

प्लास्टर निघाल्यावर सून आली. सरकारी बाईनं तिला फाटकापर्यंत सोडलं आणि पुढच्या आठवड्यात चक्कर मारते म्हणून ती गेली. सुनेनं पिशवी आत ठेवली. म्हातारीनं एका हातानं चहा टाकला होता. तो दोघी प्यायल्या. म्हातारीनं वाट बघून बघून ठरवून ठेवलेलं काही बोलायला तोंड उघडलं, तर सून उठून गोठ्याकडे चालायला लागली.

खुंटीवर डगला होता. सुनेनं तो हातात घेतला आणि उलटा करून बघितला. गोणपाट आता मानेपर्यंत वर नेलेलं होतं आणि पुढं गळ्याच्या हाडावरही एक तुकडा लावलेला होता. टाके वाकडेतिकडे पडले होते. म्हातारीनं ते एका हातानं, डगला दातात धरून घातले होते. सुनेनं त्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं खुंटीमागच्या फळीवरचा विळा घेतला, एकेक टाका कापला, आतलं सगळं गोणपाट, स्वतःचं आणि म्हातारीचं, उसवून काढलं आणि तांबडीच्या पायाखाली टाकलं. हलका झालेला डगला तिनं अंगात घातला.

तिनं टक्‌टक् केलं तोवर तांबडी वळलीसुद्धा होती. सून बसली. बरं झालेलं मनगट तिनं दोनदा मुठीत वळवून बघितलं. एका हातानं बादली सावरत दुसऱ्यानं धार काढण्याइतका जोर त्यात अजून आला नव्हता. म्हातारी दाराशी उभी होती. आत यावं की नाही, हे तिला कळत नव्हतं.

"बादली धरा," सून म्हणाली. तिनं मागं वळून बघितलं नाही. "बादली उचलायला तुम्हाला जमतं."

म्हातारी फरशीच्या टाक्यांवरून पुढं गेली, खाली बसली आणि चांगल्या हातानं बादली धरली. धार सुरू झाली. ती जाड होती आणि जोरात येत होती, आणि म्हातारीला बादली घट्ट धरून बसावं लागलं.